आवाज वाढवणार न्हाय

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडत होतो. पीव्हीसी पाइपच्या जाडीवरून काहीतरी होतं. फोनवर त्याची बायको, सुजातावहिनी होत्या. "भावजी, तुम्ही या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग नुसते घरातले आवाज येत राहिले... कुणीतरी नळ बंद केला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. गिऱ्हाईक इकडं बोलतच होतं. मी त्याला म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे, न्या," आणि शटर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी भांडण असं अर्ध्यावर सोडलं असेन. कोल्हापूरच्या एसटीत बसल्यावर कळलं की चष्मा दुकानातच राहिलाय.

सकाळी ऑफिसला निघताना तो चपला घालायला खाली वाकला आणि उठलाच नाही. पाटबंधारे खात्यातला साधा कारकून, पन्नाशीही गाठली नव्हती, तंबाखू नाही, दारू नाही. घरात शिरलो तेव्हा माझ्या मनात दुःखाच्या आधी राग होता, हे मी स्पष्टच सांगतो. कारण समोर त्याची आई बसली होती. ऐंशीला टेकलेली, भिंतीला पाठ लावून, ताठ. लेकानं आईच्या आधी जायचं ही कसली रीत? मी तिच्याजवळ बसलो तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आरं बसू, जेवलाईस का?" मग मात्र माझा बांध फुटला.

त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक अजून मला विचारतात, मिलिंद कांबळे म्हणजे तो गिटारवाला ना? व्हय, तोच. पण नुसता गिटारवाला म्हणून भागणार नाही. त्या माणसानं एक लढाई जिंकली होती, आणि ती मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत शेजारी बसून पाहिली. म्हणून हा लेखनप्रपंच. नाहीतर आम्ही पाइप विकणारी माणसं, आम्हाला लिहायला कोण सांगतंय!

आमची ओळख ऑर्केस्ट्रातली. नव्वदच्या दशकात आमच्या भागात ऑर्केस्ट्राला दिवस बरे होते. गणपती, नवरात्र, भीमजयंती, कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस... आजऱ्यापासून हुपरीपर्यंत आमचा टेम्पो पळायचा. मी कीबोर्डवर. माझ्या आधीचा कीबोर्डवाला मुंबईला पळाला म्हणून मला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी तालमीला गेलो तर कोपऱ्यात एक टकला माणूस गिटारच्या तारा फडक्यानं पुसत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पावणं, कुठलं?" मी म्हटलं, जयसिंगपूर. "म्हंजे घरात कानडी?" म्हटलं, आईशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. "आणि बायकोशी?" म्हटलं, तिच्याशी गप्प. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली आणि हसला. त्या दिवसापासून मरेपर्यंत मी त्याचा पावणा. माझं नाव बसवराज आहे हे तो बहुधा विसरूनच गेला असावा.

मला गिटारवाले मुळीच आवडत नसत. स्टेजच्या पुढं येऊन केस झटकणारी ती जमात. मिलिंदला झटकायला केस नव्हते, हा एक भाग झाला, पण तो पुढंही येत नसे. मागं, आपल्या पेटीजवळ उभा राहायचा. पेटी म्हणजे त्याचा अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. गावोगाव तंबू ठोकून सिनेमे दाखवणाऱ्या एका टुरिंग टॉकीजचा हा अ‍ॅम्प मोडीत निघाला होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, तापल्याशिवाय हूं का चूं नाही. मिलिंदनं तो मिरजेच्या एका कारागिराकडून गिटारसाठी जुळवून घेतला होता. टेम्पोत चढवताना आम्ही त्या पेटीला मनसोक्त शिव्या घालायचो. पण ती तापून बोलायला लागली की शिव्या गिळायला लागायच्या. सहाच्या सहा तारा एकदम छेडल्या तरी सहाही वेगवेगळ्या ऐकू येत. कुठं खरखर नाही, कुठं फाटणं नाही. मिलिंद त्याला 'क्लीन' म्हणायचा, आणि हा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा हळवा व्हायचा. इतरांचे चेहरे मुलीबाळींच्या आठवणीनं होतात तसा.

आता, आमच्या भागात आवाज हा मानाचा प्रश्न असतो हे सांगायला नको. ज्याचा आवाज नदीपलीकडं जातो त्याचं मंडळ मोठं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच कार्यकर्ता येऊन सांगणार, "आवाज फुल्ल पायजे बरं का." त्यामुळं आमच्याकडं सगळ्या कळा कायम उजवीकडं शेवटापर्यंत फिरवलेल्या. मिक्सरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की आमचा साउंडवाला खुशीत मांडीवर थाप मारायचा, "पोचला!" लाल दिवा म्हणजे आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याची पावती, हे आम्ही असं काही मनात धरलं होतं की पुढं तेच आम्हाला नडलं. मिलिंदची पेटी दांडगी होती, तंबूभर लोकांना सिनेमा ऐकवलेली, कितीही जोर दिला तरी पचवायची. त्यामुळं गिटारवरची आवाजाची कळ कमी करायची असते ही कल्पनाही त्याला कधी शिवली नाही.

मग डीजेच्या भिंती आल्या. कॅसेट लावून तासन्‌तास नाचणारी पोरं असताना आमची बारा माणसं आणि टेम्पो कोण बोलावणार? ऑर्केस्ट्रा बंद पडला, मी दुकानात रुतलो, मिलिंद फायलींत. तरी दर रविवारी मी त्याच्याकडं जायचोच. वहिनींच्या हातचं जेवण, मग दुपारभर वाजवणं. ती पेटी आता टेम्पोत चढायची नाही, पण माजघरात मानानं बसलेली असायची, तिच्यावर वहिनी पापड वाळत घालत.

आणि मग दोन हजार पाचचा तो पूर आला. ज्यांनी त्या वर्षी कोल्हापूर पाहिलंय त्यांना सांगायला नको. मिलिंदचं घर नदीच्या अंगाला. आई, वहिनी, डोक्यावर धरलेली गिटार, एवढंच घेऊन तो बाहेर पडला. पेटी खाटेवर ठेवली होती, पाणी तिथपर्यंत कशाला येतंय म्हणून. पाणी खाटेच्या बरंच वर गेलं. ओसरल्यावर मी बघायला गेलो तर पेटीच्या आत ओला गाळ घट्ट बसला होता. मिरजेचा कारागीर कधीच वारला होता. मिलिंद जाळीतला चिखल बोटानं काढत राहिला... मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पण याच पुरानं दुसरं एक काम केलं. त्यांची सोय एका शाळेत केली होती, आणि तिथं वीज नव्हती. वर्गात दाटीवाटीनं माणसं, बाहेर पाऊस, लेकरं किरकिर करतायत. मी जयसिंगपूरहून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन पोचलो तेव्हा मिलिंदची आई फळ्याला पाठ लावून गात होती. हळूच, मांडीवर हातानं ठेका धरून. मिलिंदचे वडील गवंडी होते. दिवसा भिंती बांधायचे आणि संध्याकाळी वस्तीत स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. कागदावर एक अक्षर नाही. ते जाऊन जमाना झाला होता. ती गाणी आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, या बाईच्या डोक्यात. त्या दिवशीचं गाणं मला अजून पाठ आहे:

आम्ही खणल्या विहिरीचं
पाणी गोड लागलं गं,
दगड फोडता फोडता
अख्खं गाव जागलं गं...

मिलिंद दारात उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावणं, ही गानी मी ल्हानपनापास्नं ऐकतोय. पन शबूद आज कळालं. कायम ढोलकी आन् कर्णा. आईचा आवाज त्याच्या खालीच ऱ्हायचा." मग म्हणाला, "ही गेली की बा परत मरतोय बघ." आणि तिथंच ठरलं. आईची सगळी गाणी ध्वनिमुद्रित करायची. साथीला फक्त गिटार. तिच्या शब्दांवर काहीही चढू द्यायचं नाही.

आईनं मान्य केलं, पण अटीवर. तिला पुराच्या ओलीनं खोकला लागला होता, आवाज दर महिन्याला थोडा थोडा उतरत चालला होता, पण जिभेची धार तीच. "वाद्य माझ्या डोस्क्यावर बसवायचं न्हाय. मला कळलं की मी उठून जातो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'मी जातो, मी येतो'. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला त्यात जरब ऐकू येते.

पेटी तर गेली होती. मिलिंदनं राजारामपुरीतून एक कॉम्प्युटर जोडून आणला, आणि पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून एक सॉफ्टवेअर. त्याची करामत अशी की गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला लावायची आणि पडद्यावर हवा तो अ‍ॅम्प निवडायचा. जगातल्या नामांकित पेट्यांची नक्कल त्यात भरलेली. कळासुद्धा चित्रात, माउसनं फिरवायच्या. तयार आवाजांची एक लांबलचक यादी, नावं मोटरसायकलींना शोभतील अशी. मी नाक मुरडलं. म्हटलं, "हे सगळं खोटंच की. त्यापेक्षा माझ्या कीबोर्डात गिटारचा आवाज हाय, तो घे."

"तुझ्या कीबोर्डात गिटारचा फोटू हाय," मिलिंद म्हणाला.

"मग ह्यात काय हाय?"

"ह्यात पेटी खोटी हाय. बोट माझं हाय."

मी माझा कीबोर्ड झाकून ठेवला. पहिल्या रविवारी थाटामाटात आईला खुर्चीवर बसवलं. मिलिंदनं यादीतला त्यातल्या त्यात सौम्य नावाचा आवाज निवडला, पडद्यावरचा लाल दिवा छान लुकलुकतोय हे दोघांनी खात्रीनं पाहिलं, आणि त्यानं पहिला झंकार दिला. खर्रर्र... खालून घुर्रर्र, वरून तडतड. आईनं एक ओळ म्हटली आणि थांबली. "ह्ये काय गिरनी लावलीया?" तिनं विचारलं. मिलिंदनं घाईघाईनं दुसरा आवाज लावला. तिसरा लावला. आई उठली, पदर खोचला. "त्येची गानी हायती ती, दळप न्हवं. ह्ये नीट झाल्याबिगर मला हाक मारू नगंस." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

इथून पुढचे महिने मी कसे काढले ते मला माहीत. रविवार आला की खर्रर्र आणि घुर्रर्र. आधी घुर्रर्रच्या मागं लागलो. घराचं अर्थिंग नीट नाही म्हणून परड्यात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला, वर पाणी ओतलं. फरक पडला, पण पुरता नाही. मग लक्षात आलं की कॉम्प्युटरच्या त्या डबड्या पडद्याकडं गिटार असली की घुरघुर वाढते, आणि मिलिंद खुर्ची फिरवत फिरवत एका विशिष्ट कोनात आला की एकदम थांबते. कोन तपासला तर तोंड बरोबर जोतिबाच्या डोंगराकडं! मी पोट धरून हसलो. म्हटलं, "मिल्या, तू बुद्धवंदना म्हणणारा माणूस, आणि तुझी गिटार जोतिबाला नवस बोलतीया." तोही हसला, पण खुर्चीच्या पायांपाशी खडूनं खुणा करून ठेवल्या आणि त्यानंतर तो कायम तसाच बसला. दिवा लुकलुकतोय एवढं बघून घ्यायचा आणि वाजवायच्या वेळी पडदा बंदच करून टाकायचा.

घुरघुर गेली, खरखर राहिली. यादीतले सगळे आवाज झाले, पडद्यावरच्या सगळ्या पेट्या झाल्या. मी वायर बदलून आणली. तारा बदलल्या. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. वैतागून एकदा मी ओरडलो, "अरे, नाद सोड! तुझी पेटी गेली, आता ती काय परत येत न्हाय!" मिलिंदनं शांतपणे गिटार खाली ठेवली. स्वयंपाकघरातून आईचा खोकला ऐकू येत होता, लांबलचक, दम लागणारा. तो त्या दिशेला बघत म्हणाला, "पावणं, टायम माझ्याकडं हाय. तिच्याकडं न्हाय." पुढं आम्ही भांडलो नाही. निदान त्या विषयावर तरी.

आणि मग एका दुपारी ते झालं. जेवणं झाली होती. आई रात्रभर खोकली होती, आत्ता कुठं आतल्या खोलीत तिचा डोळा लागला होता. वहिनी दारातून तोंडावर बोट ठेवून सांगून गेल्या. मिलिंदला राहवत नव्हतं, वाजवायचं तर होतंच. स्पीकरची कळ टेबलाच्या पलीकडं, उठायला गेला असता तर खुर्ची करकरली असती. म्हणून त्यानं हाताशी होती ती कळ फिरवली, गिटारवरचीच. जी इतकी वर्षं शेवटापर्यंत फिरवलेली होती ती त्यानं निम्म्याहून खाली आणली. आणि नखानं नव्हे, अंगठ्याच्या मांसल भागानं, आई उठू नये एवढ्या हलक्या हातानं तारा छेडल्या.

आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. सहा तारा. सहाही मोजून घ्याव्यात अशा. मी पडदा चालू केला आणि कुजबुजलो, "मिल्या, दिवा लागंना झालाय. वायर सुटली का काय?" त्यानं परत वाजवलं. दिवा विझलेला, आणि सूर स्वच्छ. कळ वर नेली, दिवा लागला, खर्रर्र. कळ खाली, दिवा गेला, सूर आला. असं त्यानं किती वेळा केलं देव जाणे. मग कपाळावर हात मारून, पण आवाज न करता मारून म्हणाला, "आयला... त्यो दिवा पोचल्याचा न्हवं रं. त्यो फाटल्याचा हाय."

त्या लाल दिव्यानं यंत्र बिचारं महिनोन्‌महिने आम्हाला सांगत होतं की आवाज माझ्यात मावत नाही, आत येतानाच फाटतोय, आता पुढं कुठलीही पेटी लावा. आणि आम्ही त्याला पावती समजून खूश होत होतो! पुण्या-मुंबईच्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. ही अस्सल आमच्याकडची चूक, सगळं फुल्ल ठेवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची.

त्यानंतर मात्र मिलिंद सुटला. एक किल्ली सापडल्यावर पुढची दारं त्यानं भराभर उघडली. पडद्यावरची पेटीसुद्धा दमात घ्यायची नाही, तिचा जोर पाव भागावर. आईच्या आवाजाचा खालचा भाग जिथं बसतो तिथला गिटारचा जाडपणा काढून टाकायचा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये पेटीसमोर एक माइकही चित्रात उभा असतो, तो जाळीला चिकटवायचा नाही, थोडा लांब आणि तिरका धरायचा. घुमारा इतकाच की खोलीत वाजतंय असं वाटावं, गुहेत नाही. आणि बाकीचं सगळं बोटांत. तयार यादीकडं त्यानं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारलं, हे सगळं कुठं वाचलंस? म्हणाला, "वाचतोय कुठं? आईचा आवाज डोस्क्यात ठेवून ऐकालोय."

एका रविवारी तो असाच वाजवत बसला होता. आईला हाक मारलीच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. बराच वेळ ऐकलं. "व्हय," ती म्हणाली, "आता मानूस वाजवालाय." हात धुऊन आली, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "कुठलं म्हनू?" मिलिंदचं तोंड जोतिबाकडं होतं म्हणून त्याचे डोळे तिला दिसले नाहीत. मला दिसले.

गाणी पुरी व्हायला बरेच महिने लागले. ती कधी खोकायची, कधी विसरायची, कधी मध्येच थांबून हे गाणं मिलिंदच्या वडिलांनी कुणाची भिंत बांधताना रचलं ते सांगत बसायची. मिलिंदनं एकदाही घाई केली नाही. ती श्वास घ्यायला थांबली की गिटारही थांबायची. पण झाली, सगळी झाली. एकही गाणं राहिलं नाही! सीडी पक्की करायला पुण्याच्या एका स्टुडिओत गेलो तर तिथल्या माणसानं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, गिटारला कुठला अ‍ॅम्प वापरलात? मिलिंद गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आमचाच हुता. पुरात गेला." तो माणूस हळहळला. आम्ही जिना उतरेपर्यंत कसंबसं हसू दाबलं.

पण खरी जीत पुण्यात नव्हे, वस्तीत झाली. पुढच्या जयंतीला संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिल्यांदा ती सीडी लावायची ठरली. मंडप भरलेला, पोरं निळ्या फेट्यांत, बाहेर दोन मंडळांचे डीजे नुकतेच थांबलेले. आई पहिल्या ओळीत, इस्त्रीचं पांढरं लुगडं. गाणं सुरू झालं आणि मागून आरोळी आली, "आवाज वाढवा की!" मग चहूकडून, "ऐकू येत न्हाय! फुल्ल करा!" साउंडवाल्याचा हात कळेकडं गेला. आणि आमचा मिलिंद, जो वर्षानुवर्षं स्टेजच्या मागं उभा राहिला, तो उठून पुढं आला, साउंडवाल्याचा हात धरला आणि माइकवर म्हणाला, "आवाज वाढवणार न्हाय. ऐकायचं आसंल तर जवळ या."

क्षणभर मला वाटलं, आता मार खातोय. मग एक म्हातारा उठला, आपली खुर्ची ओढत पुढं आला. त्याच्यामागं बायका. मग पोरंसुद्धा, फेटे काढून, पुढं येऊन जमिनीवर बसली. अख्खा मंडप स्पीकरभोवती गोळा झाला. कोल्हापुरात एवढी माणसं एवढी गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नाहीत. आणि त्या शांततेत गवंड्याच्या बायकोचा थकलेला आवाज, शब्दन्‌शब्द, आणि त्याच्याखाली ती गिटार... कुठंही चढत नाही, कुठंही फाटत नाही. गाणं संपल्यावर टाळ्या वाजायच्या आधी मागून एकजण बोलला, "परत लाव." ते गाणं परत लावलं. मिलिंद स्टेजवर उभा होता आणि रडत नव्हता, हसत होता, तोंडभर. मी त्याला तसा हसताना त्याआधी पाहिला नव्हता. नाद खुळा संध्याकाळ होती ती. माझ्या मित्राची म्हणून मी हीच संध्याकाळ जपून ठेवलीय.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठी वंदना म्हणतात त्या दिवशी कुणीतरी ती सीडी लावायला निघालं तर आईनं नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही. गेल्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो. नेहमीसारखा म्हणजे काय, दुसरीकडं कुठं जायचं ते मला माहीतच नाही. जेवण झाल्यावर आई आपणहून त्या खोलीत आली आणि म्हणाली, "बसू, लाव."

मी कॉम्प्युटर चालू केला, गाणं काढलं. तिचा आवाज सुरू झाला तशी तिनं हात हलवला. "मी नगं. मी हाय की हितं. त्येचंच लाव." तिला ठाऊक नव्हतं, पण त्यात तसं करता येतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवलेला असतो. मी तिचा बंद केला. गिटार तेवढी राहिली. एकटी, स्वच्छ. तारेवरून बोट सरकतं तो बारीक आवाजसुद्धा ऐकू येत होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. आईनं ऐकलं, मांडीवर ठेका धरला, आणि जागा आली तशी गायला लागली. आवाज चिरका झालाय, वरचा सूर लागत नाही, पण शब्द एकही चुकला नाही. आणि जिथं ती तेव्हा थांबली होती तिथं गिटारही तिच्यासाठी थांबत होती.

दुसऱ्या कडव्यात मात्र तिला दम पुरेना. तेव्हा पुरायचा तेवढ्या जागेत आता श्वास बसेना, आणि गिटार पुढं निघाली. "आरं थांब की जरा," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नव्हे, स्पीकरकडं बघून. "म्हातारीला दम घिऊ दे की."

मी कळ दाबून थांबवलं. तिनं सावकाश श्वास घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हां. धर आता."

मी कळ दाबली. मिलिंदनं धरलं.